हळूबाईचं औषध

“नेताना अंड्यांकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ. अंडी आपली जागच्या जागी असतात. चुकतात ते माणसाचे पाय.”

आईने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा टोपली धाकट्या लेकीच्या हनुवटीला लागत होती. घरामागे आईचं कोंबड्यांचं खुराडं होतं, आणि उबवणीची अंडी लांबलांबच्या गल्ल्यांतले लोक मागवायचे. थोरला दादा टोपली घेऊन वाऱ्यासारखा जायचा आणि ही पहिल्या वळणावर पोचते न पोचते तोच रिकामी टोपली डोक्यावर पालथी घालून शीळ घालत परत यायचा. “काय गं हळूबाई, आज पोचणार की उद्या?” दादाच्या हातून एकही अंडं कधी फुटलं नाही. पण पुढेपुढे गिऱ्हाइकं म्हणायला लागली, तुमच्या मुलाने आणलेल्यांतून पिल्लं निघत नाहीत, मुलीने आणलेल्यांतून निघतात. आई दादाला रागावली नाही. एवढंच म्हणाली, “वरून शाबूत दिसतं रे, आत हललेलं असतं.” त्या दिवसापासून दादाकडे दाणे आणायचं काम गेलं आणि टोपली बहिणीकडे आली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आता हळूबाईचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते, नावाआधी डॉक्टर लागलं होतं, आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या आवारातल्या प्रयोगशाळेत ती औषध बनवत होती. तिथे हे नाव कळायचं कुणाला काही कारण नव्हतं. पण एकदा ती डबा घरी विसरली, तो द्यायला दादा आला, आणि लांबलचक व्हरांड्यात सगळ्यांच्या देखत “हळूबाई, डबा” अशी खणखणीत हाक मारून गेला. झालं. दुपारपर्यंत नाव सगळ्यांच्या तोंडी. विभागाच्या प्रमुख होत्या मोठ्या बाई, त्यांनी तिची समजूत काढली. “चिडू नकोस गं. आपल्या कामाला हेच नाव शोभतं.”

काम होतंही तसंच. यकृतातल्या गाठीवरचं हे औषध म्हणजे विष नव्हतं, निरोप होता. गाठीतल्या पेशी एक प्रथिन अखंड बनवत राहतात आणि त्याच्या जोरावर गाठ फोफावते. आरएनएचा एक इवलासा तुकडा त्या पेशीत शिरला की ते बनणं थांबतं. पण हा तुकडा उघडावाघडा रक्तात सोडला, तर रक्त त्याचा बघताबघता फडशा पाडतं. म्हणून त्याला स्निग्ध पदार्थाच्या कणात गुंडाळायचं. कण इतका बारीक की एका केसाच्या जाडीत असे हजारभर रांगेने उभे राहावेत. आणि कणाच्या अंगावर अशा खुणा लावायच्या की गाठीतल्या पेशींनी त्या ओळखून दार उघडावं. जुन्या औषधांचं फार वेळा जखम मांडीला आणि मलम शेंडीला असं व्हायचं. गाठ पोटात, आणि केस गळायचे डोक्याचे. याही कणांतले पुष्कळसे वाटेत हरवतात, हे हळूबाई कुणापासून लपवत नसे. पण जे पोचतात ते नेमक्या दारात पोचतात, आणि तेवढ्याने काम होतं, असं आतापर्यंतचे प्रयोग सांगत होते.

हे सगळं तिने आईला एकदा समजावून सांगितलं होतं. आईने शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं. “म्हणजे अंडंच की गं. वर कवच, आत जीव.”

“जीव नाही आई, निरोप.”

“तेच ते.”

औषध बनवायला दोन पंप लागायचे. एकातून मद्यार्कात विरघळवलेले स्निग्ध पदार्थ, दुसऱ्यातून जरा आंबट पाण्यातला आरएनए. काचेच्या पट्टीवरच्या केसाएवढ्या वाटेत दोघांची गाठ पडायची आणि पलीकडच्या टोकाने दुधाचं भांडं विसळलेल्या पाण्यासारखं काहीतरी थेंबथेंब बाहेर यायचं. उजेडात धरलं की त्याला निळसर झाक दिसे. पंप सुरू करण्याआधी हळूबाई दोन्ही तळवे टेबलावर टेकून, डोळे मिटून क्षणभर उभी राही. हा तिचा रोजचा नेम. ती काय म्हणते हे कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. पण तेवढा वेळ खोलीत कुणी खोकतसुद्धा नसे.

अशा निगुतीने बनवलेलं औषध माणसाला द्यायची परवानगी मिळाली, पहिला रुग्ण ठरला, आणि तिथेच माशी शिंकली.

नियम असा होता की सुई लावायच्या आधी, वॉर्डाला लागून असलेल्या छोट्या खोलीतल्या यंत्रावर पिशवीतला एक थेंब तपासायचा. कण सुटे असतील तरच औषध द्यायचं. पहिल्या वेळी कण एकमेकांना चिकटून गठ्ठे झालेले निघाले. असे गठ्ठे रक्तात जाऊ द्यायचे म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ. पिशवी टाकून दिली. दुसऱ्या वेळी हळूबाईने सगळं नव्याने केलं, पाणीसुद्धा नवं. पुन्हा तेच. प्रयोगशाळेत ठेवलेला त्याच औषधाचा नमुना मात्र दोन्ही वेळा लख्ख.

मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“वॉर्डातले डॉक्टर काय म्हणाले सांगते. पेशंटचं यकृत अजून साथ देतंय, पण फार दिवस नाही देणार. तिसऱ्या खेपेलाही असंच झालं, तर त्यांना चाचणीतून काढावं लागेल.”

“दुसरं काही आहे त्यांच्यासाठी?”

“होतं ते सगळं करून झालंय.”

“बाई, दोष बनवण्यात नाही. आपला नमुना चांगला आहे. जे काही होतंय ते वाटेत होतंय.”

“वाट ती केवढी? आपल्या दारातून समोरच्या इमारतीच्या तळघरातली फार्मसी. तिथे औषध सलाइनच्या पिशवीत मिसळतात आणि सहाव्या मजल्यावर पाठवतात. संपली वाट.”

“मग सहाव्या मजल्यावर कुणीतरी हलवतंय.”

हे तिच्या मनाने घेतलं आणि घेतलंच. औषधाची बाटली देण्याआधी हलवायची, ही सवय जगभरच्या हातांना असते. वॉर्डातली सिस्टर पिशवी सवयीने खळखळवत असणार. साप साप म्हणून भुई धोपटायची पाळी आपल्यावर येईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच दुपारी ती वर गेली.

सिस्टर अंगाने भारदस्त, चष्मा गळ्यातल्या साखळीला अडकवलेला. खिडकीजवळच्या खाटेवरच्या एका लांबोड्या चेहऱ्याच्या माणसाचा रक्तदाब बघत होत्या. हळूबाईने आपण कोण ते सांगितलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, “सिस्टर, आमची पिशवी आली की तुम्ही ती हलवता का हो?”

सिस्टरनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे बघितलं. “हलवते की. पाळण्यात घालते, अंगाई म्हणते, मग हलवते.”

खाटेवरचा माणूस फिसकन हसला.

“तसं नाही म्हणायचं मला...”

“तसंच म्हणायचंय. पिशवीवर ‘हलवू नये’ असं लिहिलंय, आणि मला वाचता येतं. तुम्ही मंडळी इकडे कधी फिरकत नाही, आणि आलात की आमचे हात तपासता.” एवढं बोलून सिस्टरनी टेबलावरची एक साधी सलाइनची पिशवी उचलली. दोन्ही तळवे खालून लावून, कोपरं अंगाला टेकवून. ट्रेमध्ये ठेवली तेव्हा आतलं पाणी डुचमळलंसुद्धा नाही. “अशी घेते. बोला.”

अगदी आई टोपली धरायची तशी ती पकड होती. हळूबाईचे कान तापले. “चुकलं माझं, सिस्टर.”

“असू दे. बसा. चहा घेणार का?”

“सिस्टर, या कोण?” खाटेवरच्या माणसाने विचारलं.

“तुमचं औषध बनवतात त्या.”

“अस्सं.” तो उशीला टेकून जरा सरळ झाला. सगळा वॉर्ड त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत होता. निवृत्त होईपर्यंत त्यांनी शहराची बस चालवली होती. “ताई, माझ्या गाडीत बसलेला माणूस थांब्यावर पोचला नाही असं कधी झालं नाही. आणि माझंच औषध दोनदा वाटेत नासलं.”

“यांच्यासारखंच असणार ते,” शेजारी स्टुलावर लोकर विणत बसलेली त्यांची बायको वर न बघता म्हणाली. “नाक्यावर गप्पा मारत उभं राहिलं असेल.”

हळूबाईला हसू आलं. आतापर्यंत हा माणूस तिच्यासाठी एक क्रमांक होता. आता त्याला बायको होती, आणि बायकोच्या हातात अर्धा झालेला स्वेटर, बाह्या अजून व्हायच्या होत्या.

तेवढ्यात भिंतीत काहीतरी सूंऽऽ करत वर चढत आलं आणि धाडकन आदळलं. कप बशीत खणखणला. सिस्टर सवयीने उठल्या, भिंतीतलं झाकण उघडलं आणि आतून हातभर लांबीचं एक नळकांडं काढलं.

“हे काय?”

“खालच्या फार्मसीतून गोळ्या आल्या. हवेच्या जोराने नळीतून वर येतात. सहा मजले, डोळ्याचं पातं लवतंय तोवर.”

“सिस्टर,” हळूबाईने कप खाली ठेवला, “आमची पिशवीही यातूनच येते?”

“सगळंच यातून येतं.” सिस्टर म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांचा हात झाकणावर थांबला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

“म्हणजे मी इथे फुलासारखी उचलते,” सिस्टर सावकाश म्हणाल्या, “आणि तिचं जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं.”

“वरून शाबूत,” हळूबाई म्हणाली.

“थांबा जरा,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “माझं औषध तोफेतून येतं?”

फार्मसीचे मुख्य म्हणजे एक ताठ कण्याचे, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. ती नळी त्यांनी वरिष्ठांच्या मागे लागून लागून बसवून घेतली होती, आणि पाहुणे आले की आधी ती दाखवत. हळूबाईचं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

“मॅडम, या नळीने माणसं वाचलीत. रात्री-अपरात्री वरून रक्त मागवतात, आम्ही बटण दाबतो. नाहीतर लिफ्टची वाट बघत बसावं लागलं असतं.”

“मी नळीला नावं ठेवायला आले नाही साहेब. नळी गुणाची आहे, आमचं लेकरू नाजूक आहे. आमचे कण हवेबरोबर घुसळले गेले की चिकटतात. हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून ‘हलवू नये’ लिहिलं. पण तुम्ही औषध वर कसं पाठवता, हे तुम्हाला विचारायचं मात्र आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. मलाही नाही.”

त्यांनी तिच्याकडे जरा निरखून बघितलं. भांडायला आलेलं माणूस असं बोलत नाही. “पाहूच या,” ते म्हणाले.

शिल्लक राहिलेल्या औषधाच्या दोन पिशव्या त्यांनी भरल्या, दोन्ही अगदी सारख्या. एक नळीतून सोडली. दुसरी कुणाच्या हाती द्यायला त्यांचं मन होईना, म्हणून स्वतःच घेऊन जिन्याने निघाले. सहाव्या मजल्यावर आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. सिस्टरनी त्यांना आधी खुर्ची दिली, मग पाणी.

यंत्राच्या पडद्यावर हाताने आणलेल्या पिशवीची रेघ एकच, उंच आणि बारीक निघाली. सगळे कण एका मापाचे. नळीतून आलेलीची रेघ पसरट, पायथा सुटलेल्या मातीच्या ढिगासारखी. फार्मासिस्टसाहेबांनी पुन्हा करून बघायला सांगितलं. या वेळी जिना सिस्टर चढल्या. उत्तर तेच आलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “सहा मजले चढायला लावलंत, तेवढ्याचं चीज झालं म्हणायचं,” ते म्हणाले. मग खाली जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली, ‘हे औषध नळीतून पाठवायचं नाही’, आणि ती नळीच्या तोंडावरच चिकटवली. ज्या नळीचं इतकं कौतुक, तिच्यावर आपल्याच हाताने मनाई लावायला मन मोठं लागतं. हळूबाईने ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

निघण्याआधी ती पुन्हा वर, खिडकीजवळच्या खाटेशी गेली.

“मग आता कोण आणणार?” ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

“फार्मसीवाले माणूस देणार आहेत.”

“माणूस.” काकांनी मान हलवली. “जन्मभर माणसं बघितली मी, ताई. बस थांबायच्या आत उतरतात.”

ते हसत होते, पण चादरीवरचा हात चादर मुठीत धरून होता. दोनदा सुई लावून घ्यायची तयारी केलेला माणूस तिसऱ्यांदा मन तयार करत होता, आणि ते सोपं नव्हतं.

“मी आणते,” हळूबाई म्हणाली. “माझ्या हातांनी.”

“वचन?”

“वचन. पण सांगून ठेवते, मी हळू चालते. घरीदारी सगळे हसतात मला.”

“सावकाश या हो,” काकांची बायको म्हणाली. “आम्ही कुठे जातोय. तोवर माझी एक बाही होईल.”

तिसऱ्या खेपेचं औषध बनवायचं ठरलं त्या दिवशी हळूबाई टेबलावर तळवे टेकून नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिली. पंप सुरू झाले. काचेच्या पट्टीच्या टोकाशी पहिला थेंब धरला, सुटला. औषध गाळून, मद्यार्क काढून, थंड होऊन तपासणीला आलं तेव्हा मोठ्या बाई स्वतः यंत्राशी येऊन बसल्या. पडद्यावर रेघ उमटली. बाई खुर्चीवरून उठल्या. मग त्यांनी दार उघडून व्हरांड्यातल्या सगळ्यांना आत बोलावलं.

“बघून घ्या,” त्या म्हणाल्या. “हिने काय केलंय ते बघून घ्या. मी या खोलीत केस पांढरे केले, पण इतकी सुबक रेघ नाही पाहिली.”

सगळे दाटीवाटीने उभे राहून बघत होते. हळूबाईला अभिमान वाटला. एरवी अभिमान वाटला की तिला अपराध्यासारखं व्हायचं आणि ती मान खाली घालायची. आज घातली नाही. हे देणं वरून आलेलं आहे, आपण फक्त सांभाळून नेतो, असं ती मनाशी म्हणाली, आणि रेघेकडे सगळ्यांबरोबर तीही पोटभर बघत राहिली.

संध्याकाळी घरी आली तर आई ओट्यावर शेजारणीबरोबर बसली होती. आईचं आता वय झालं होतं, कोंबड्या केव्हाच गेल्या होत्या, पण जिभेची धार तशीच होती.

“उद्या मी औषध घेऊन जाणार आहे, आई. मीच. चालत.”

शेजारणीने गालावर बोट टेकवलं. “अगं बाई. एवढं शिकली सवरली, आणि औषध पोचवायचं काम?”

“हो,” आई म्हणाली. “बरोब्बर पत्त्यावर पोचवायला फार शिकावं लागतं.”

मुलीचं कौतुक आईने असं चारचौघांत कधी केलं नव्हतं. हळूबाई पाणी प्यायचं निमित्त करून घरात गेली. मागून आईचा आवाज आला, “आणि उद्या त्या टकटक वाजणाऱ्या चपला घालू नकोस.”

सकाळी दाराशी तिचे जुने, मऊ तळव्यांचे बूट पुसून ठेवलेले होते. नाडी एका बुटाची तुटकी होती, ती बदललेली.

ती तळघरात पोचली तेव्हा फार्मासिस्टसाहेबांनी पिशवी भरून, आतून मऊ अस्तर लावलेल्या थंड डब्यात ठेवली होती. पिशवीतली हवा त्यांनी आठवणीने काढून टाकली होती.

“मॅडम, लिफ्टने जाऊ नका. तिसऱ्या मजल्यावर गचका देते ती. मी सकाळपासून वरखाली करून बघितलं.” जिन्याचं दार त्यांनी आपल्या पाठीने उघडं धरलं होतं. “जिना रिकामा ठेवायला सांगितलंय. वर सिस्टर उभ्या आहेत.”

भिंतीतून सूंऽऽ करत काहीतरी वर गेलं, बहुतेक कुणाच्या तरी गोळ्या. साहेबांनी सवयीने कौतुकाने तिकडे बघितलं, मग जरा ओशाळून तिच्याकडे. ती हसली.

“नळीला जाऊ दे पुढे,” हळूबाई म्हणाली. “ती नेहमीच पुढे जाणार.”

तिने खालून दोन्ही तळवे लावून डबा उचलला, कोपरं अंगाशी घेतली. डब्याकडे तिने बघितलं नाही. समोरची पहिली पायरी बघितली, त्यावर पाय ठेवला, आणि चढू लागली.